सर्व्हरला दोन केबल असतात, तरी तो पडतो: मॉडेलिंगच्या टूलमध्ये ऑब्जेक्ट आणि लॉजिक दोन्ही का लागतात

डेटा सेंटरमधल्या बहुतेक सर्व्हरला मागच्या बाजूला दोन पॉवर सप्लाय असतात आणि दोन केबल. एक अ बाजूची, एक ब बाजूची. एक गेली तरी दुसरीवर मशीन चालू राहावं, एवढाच हेतू. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, ऐरोली या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात अशा सर्व्हरनी भरलेल्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत. बाहेरून बघितलं तर गोदामं वाटावीत, खिडक्या जवळपास नाहीतच. या इमारतींत एक प्रश्न सतत विचारला जातो: अशी कुठली एकच गोष्ट आहे का, जी गेली तर अ आणि ब दोन्ही जातील?

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र सहसा तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. थोडं इलेक्ट्रिकलवाल्यांच्या सिंगल लाइन डायग्राममध्ये (वीज कुठून कुठे जाते ते रेघांनी दाखवणाऱ्या नकाशात), थोडं कुणीतरी सांभाळलेल्या एक्सेल शीटमध्ये आणि उरलेलं, बहुधा सगळ्यांत महत्त्वाचं, रात्रपाळीच्या शिफ्ट इंजिनिअरच्या डोक्यात. डायग्रामवर बोट ठेवून एक रेघ वरपर्यंत नेता येते. चारशे यंत्रांच्या सगळ्या रेघा एका वेळी डोक्यात धरता येत नाहीत. म्हणून कॉम्प्युटरवर त्या इमारतीचं मॉडेल बनवायचं आणि प्रश्न त्या मॉडेलला विचारायचा.

हे मॉडेल कशात लिहायचं, इथे दोन जुन्या घराण्यांची गाठ पडते. एक घराणं म्हणतं, जगात वस्तू असतात, वस्तू बनवा. दुसरं म्हणतं, जगात विधानं असतात, काय खरं आहे ते सांगा. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोघांना एका टूलमध्ये बसवताना खरी अडचण येते. ती अडचण हाच या लेखाचा विषय.

वस्तूंचं घराणं

ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. सिम्युलेशनसाठीची, म्हणून सिम्युला. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास (वस्तूचा साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातली एकेक वस्तू) आणि इनहेरिटन्स (एका साच्याचे गुण दुसऱ्याकडे वारशाने येणं) या तिन्ही गोष्टी आल्या. पुढे कॉम्प्युटर क्षेत्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालासाठी दोघांना मिळाला. आपल्याकडे कॉलेजात जावा शिकवताना 'कुत्रा हा प्राणी आहे' या उदाहरणाने सुरुवात होते, आणि ऑब्जेक्ट म्हणजे कोड नीटनेटका लावायची एक पद्धत असा समज कायमचा बसतो. वास्तविक ही कल्पना जन्मली तीच खऱ्या जगाचं मॉडेल करता यावं म्हणून.

आपल्या इमारतीत तिचा उपयोग उघड आहे. 'यूपीएस' हा क्लास. त्याला क्षमता आहे, बॅटरी किती वेळ टिकेल ते आहे, तो सध्या मेन्सवर आहे की बॅटरीवर ही अवस्था आहे. अ बाजूचा यूपीएस आणि ब बाजूचा यूपीएस हे त्या क्लासचे दोन ऑब्जेक्ट. ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), पॅनल, पीडीयू (सर्व्हरपर्यंत वीज वाटणारी पेटी), चिलर (गारवा तयार करणारं यंत्र), पंप, सर्व्हर, सगळ्यांचं तसंच. मग 'महावितरणचा पुरवठा गेला' अशी घटना सोडायची आणि पुढे काय होतं ते बघत बसायचं: यूपीएस बॅटरीवर गेला, डीजी सुरू झाला, चेंजओव्हर झाला, लोड परत आला. जसं घडतं तसंच, त्याच क्रमाने.

अडचण अशी की हे मॉडेल फक्त पुढे धावतं. 'हे गेलं तर काय होईल' याचं उत्तर ते देतं. 'काय गेलं तर सर्व्हर पडेल' असं उलटं विचारलं की ते गप्प. मग शोधाशोधीचा कोड तुम्हीच लिहायचा. प्रत्येक नव्या प्रश्नाला नवा.

विधानांचं घराणं

१९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये आलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रुसेल यांनी प्रोलॉग बनवली. त्यांना कॉम्प्युटरला फ्रेंच वाक्यं समजावून द्यायची होती. एडिंबरात रॉबर्ट कोवाल्स्की तर्कशास्त्राच्या नियमांकडेच प्रोग्राम म्हणून बघत होते, त्यांचा विचार या भाषेच्या मुळाशी आहे. प्रोलॉगमध्ये 'हे कर, मग ते कर' असं सांगत नाहीत. काय खरं आहे ते सांगायचं आणि कशावरून काय खरं ठरतं ते सांगायचं. बाकी शोधाशोध मशीनची.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही तिची एक आवृत्ती फुकट मिळते आणि तिच्यात नावं चक्क देवनागरीत चालतात. एक गंमत आहे: प्रोलॉगमध्ये बदलत्या किमतीचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू करतात, आणि आपल्या लिपीत कॅपिटल नाहीच. म्हणून अशा नावापुढे अंडरस्कोर द्यायचा. इमारतीचा एक तुकडा असा दिसेल:

पुरवतो(महावितरण, ट्रान्सफॉर्मर_१).
पुरवतो(ट्रान्सफॉर्मर_१, पॅनल_अ).
पुरवतो(डीजी_१, पॅनल_अ).
पुरवतो(पॅनल_अ, यूपीएस_अ).
पुरवतो(यूपीएस_अ, पीडीयू_अ).
पुरवतो(पीडीयू_अ, सर्व्हर_१२).

वरचा(_व, _य) :- पुरवतो(_व, _य).
वरचा(_व, _य) :- पुरवतो(_म, _य), वरचा(_व, _म).

':-' ही खूण 'जर' अशी वाचायची. पहिला नियम म्हणतो, व थेट य ला पुरवत असेल तर व हा य च्या वरचा. दुसरा म्हणतो, मधला कुणी म य ला पुरवत असेल आणि व त्या म च्या वरचा असेल, तरीही व वरचाच. झालं. आता 'वरचा(_क, सर्व्हर_१२)' असं विचारलं की त्या सर्व्हरच्या वर असलेली सगळी यंत्रं मिळतात. आणि तोच नियम उलटा धरून 'वरचा(यूपीएस_अ, _क)' असं विचारलं की त्या यूपीएसच्या खाली कोण कोण लटकलंय ते मिळतं. कोडची एक ओळही बदललेली नाही. ऑब्जेक्टच्या जगात हे दोन वेगळे फंक्शन झाले असते, आणि वर्षभराने त्यातलं एकच कुणीतरी दुरुस्त केलं असतं.

पण हेही पुरेसं नाही. 'वर आहे' म्हणजे 'त्याच्यावाचून अडतं' असं नव्हे. ट्रान्सफॉर्मर आणि डीजी दोन्ही पॅनल_अ च्या वर आहेत, तरी त्यातलं एक चाललं तरी पॅनलचं भागतं. आपल्याला हवाय तो 'चालू' चा नियम: यंत्र स्वतः बंद नाही आणि त्याला पुरवणाऱ्यांपैकी एक तरी चालू आहे, तर ते चालू. हा नियम पॅनलला लागू पडतो, पीडीयूला पडतो. सर्व्हरला पडत नाही. सर्व्हरला नुसती वीज मिळून उपयोग नाही, त्याला गार हवाही लागते. वीज देणाऱ्या दोघांपैकी एक चालू हवा, आणि शिवाय गारवा देणाऱ्यांपैकी एक चालू हवा. चिलरचा नियम आणखी वेगळा, त्याला वीज, पाण्याचा पंप आणि कंट्रोल पॅनलचा सिग्नल असं तिन्ही लागतं.

म्हणजे 'तू चालू आहेस का?' हा प्रश्न सगळ्यांना एकच, आणि उत्तराची रीत ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे वेगळी. जावावाले हे वाचून हसतील, कारण ही त्यांचीच गोष्ट आहे. एकच मेसेज, प्रत्येक क्लासचं स्वतःचं उत्तर. इथे दोन्ही घराण्यांची सोयरीक नैसर्गिकपणे जुळते: नियम क्लासच्या पोटात ठेवायचे. ऑब्जेक्टमध्ये मेथडच्या (मेसेजला उत्तर देणाऱ्या कोडच्या) जागी नियम. नवीन प्रकारचा चिलर आला की त्याचा क्लास लिहायचा, त्यात त्याचा 'चालू' नियम लिहायचा, बाकीच्या मॉडेलला हात लावायचा नाही.

असं मॉडेल तयार झालं की मूळ प्रश्न विचारायची रीत सोपी होते. एकेक यंत्र 'बंद' धरायचं आणि कुठले सर्व्हर चालू उरत नाहीत ते विचारायचं. समजा उत्तर आलं: यूपीएस_अ बंद धरला तर सर्व्हर_१२ चालू नाही. पहिली प्रतिक्रिया असते की मॉडेल चुकलं, कारण ब बाजूची केबल शाबूत आहे. मग टूलला 'का नाही?' असं विचारायचं. लॉजिकचा खरा फायदा इथे हातात येतो, कारण उत्तरासोबत त्यामागची साखळीही मिळते: सर्व्हर_१२ ला वीज आहे, गारवा नाही. गारवा नाही कारण पंप_१ आणि पंप_२ दोन्ही थांबले. पंप थांबले कारण दोघांनाही 'चालू राहा' हा सिग्नल पीएलसी_१ (यंत्रांना हुकूम देणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) कडून येतो. आणि पीएलसी_१ ला वीज फक्त यूपीएस_अ ची. दोन पंप, दोन वेगळे स्टार्टर, दोन वेगळ्या केबल, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एकच पेटी. वायरिंगच्या चित्रात ही गोष्ट दिसायला अवघड, कारण पॉवरचं चित्र एका पानावर आणि कंट्रोलचं दुसऱ्याच.

भांडण कुठे होतं

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. आता खटके.

सगळ्यांत मोठा खटका वेळेचा. लॉजिकमध्ये जे खरं ते खरंच. 'चालू(यूपीएस_अ)' हे विधान एकदा सिद्ध झालं की झालं. ऑब्जेक्टचं मात्र सगळं आयुष्यच बदलण्यात जातं: दहा वाजता मेन्सवर, दहा वाजून एका मिनिटाने बॅटरीवर, बॅटरी संपली की बंद. जुन्या प्रोलॉगकारांनी यावर एक पळवाट काढली होती. चालता चालता माहितीच्या साठ्यातून एक ओळ खोडायची आणि दुसरी घालायची. हे चालतं. पण मग नियम कुठल्या क्रमाने तपासले गेले यावर उत्तर अवलंबून राहायला लागतं, आणि लॉजिक ज्यासाठी आणलं तेच हातून जातं. एका नियमाने 'यूपीएस चालू' धरून निष्कर्ष काढला, मधेच दुसऱ्याने ती ओळ खोडली, पहिल्याचा निष्कर्ष तसाच लोंबकळत राहिला. असा बग शोधायला बसलेल्या माणसाची मला कीव येते.

याचा चांगला उपाय म्हणजे वेळ हीसुद्धा विधानाचा भाग करणं: 'चालू(यूपीएस_अ, १०:०५)'. दहा-पाचला चालू असणं हे कायमचं खरं आहे, पुढे काहीही झालं तरी. पण लगेच दुसरा त्रास उभा राहतो. दहा-सहाला चालू आहे का? दहा-सातला? ज्याला हात लागला नाही ते तसंच राहिलं, हे आपल्याला सांगावंही लागत नाही, लॉजिकला मात्र सांगावं लागतं. जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ मध्ये या त्रासाला फ्रेम प्रॉब्लेम असं नाव दिलं. ऑब्जेक्टच्या घराण्याला हा त्रास माहीतच नाही, कारण ऑब्जेक्टमध्ये लिहून ठेवलेली किंमत कुणी बदलेपर्यंत मेमरीत आपोआप तशीच असते. कोवाल्स्की आणि मारेक सर्गोट यांनी १९८६ मध्ये इव्हेंट कॅल्क्युलस मांडलं, त्यात मध्यममार्ग आहे: एखादी गोष्ट कुठल्या घटनेने सुरू होते आणि कुठल्या घटनेने संपते एवढंच सांगा, मधल्या काळात ती तशीच आहे असं एकच सर्वसाधारण नियम ठरवेल.

टूल निवडताना किंवा बांधताना माझं यावर एक ठाम मत आहे. अवस्था ऑब्जेक्टकडे असू द्या. घटना घडली की ऑब्जेक्ट बदलेल. मग घड्याळ थांबवायचं, त्या क्षणाचा फोटो घ्यायचा आणि नियमांना त्या फोटोवर हवे ते प्रश्न विचारू द्यायचे. नियम वाचतील, लिहिणार नाहीत. हे काही मोठं तत्त्वज्ञान नाही, पण ही एक शिस्त पाळली तर निम्मे वाद मिटतात.

दुसरा खटका झाकपाकीचा. ऑब्जेक्टच्या घराण्याचा पहिला संस्कार म्हणजे आतलं बाहेर दाखवायचं नाही, हवं ते मेसेज पाठवून विचारायचं. लॉजिकला सगळं उघडं हवं असतं, कारण निष्कर्ष कुठल्या माहितीतून निघेल ते आधी ठाऊक नसतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये फायर ऑडिटवाला आला तर जे होतं तेच: फ्लॅटचं दार बंद ठेवायचा हक्क ज्याचा त्याचा, पण ऑडिटवाल्याला प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातली वायर बघायची असते. सोसायटी जो तोडगा काढते तोच इथेही चालतो. प्रत्येक क्लासने ठरवायचं की आपली कुठली विधानं तपासणीसाठी खुली आहेत. यूपीएसचा क्लास 'कोणाला पुरवतो' आणि 'चालू आहे का' हे खुलं ठेवेल, बॅटरीच्या चार्जिंगची आतली गणितं झाकून ठेवेल.

तिसरा अपवादांचा. ऑब्जेक्टमध्ये मुलगा बापाची मेथड बिनदिक्कत बदलतो: सगळ्या रॅकना (सर्व्हरच्या कपाटांना) विजेच्या दोन फीड, टेस्ट लॅबच्या रॅकला एकच. शुद्ध तर्कशास्त्रात 'सगळ्या' म्हणजे सगळ्या, एक अपवाद निघाला की सरळ विसंगती. त्यामुळे दोन्ही जोडणाऱ्या भाषांना 'वेगळं सांगितलं नसेल तर' असा अर्थ कुठेतरी आत शिरवावाच लागतो.

जे लिहिलं नाही ते नाहीच

प्रोलॉगमध्ये 'बंद नाही' हे कसं ठरतं? 'बंद आहे' हे सिद्ध करायचा प्रयत्न करायचा, जमलं नाही तर 'बंद नाही' असं धरायचं. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये या पद्धतीला नीट तार्किक पाया दिला. रेल्वेच्या वेळापत्रकात ९:१७ ची गाडी छापलेली नसेल तर ९:१७ ची गाडी नाही असंच आपण समजतो, त्याच वळणाचा विचार. वेळापत्रक पूर्ण असतं, म्हणून तिथे तो चालतो. इमारतीचं मॉडेल पूर्ण असतं का?

डेटा सेंटरमध्ये मॉडेल दाखवायला बसलं की साधारण असा संवाद होतो. जुना शिफ्ट इंजिनिअर स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "मॅडम, दोन फीडर वेगळे दाखवलेत ते बरोबर आहे. पण दोन्ही केबल गेटपासून एकाच ट्रेंचमधून येतात. जेसीबीवाल्याला अ काय आणि ब काय!" मॉडेल बनवणाऱ्या मॅडम विचारतात, "हे ड्रॉइंगमध्ये का नाही?" "इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगमध्ये ट्रेंच नसते हो, ती सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये."

मॉडेलमध्ये ट्रेंच (केबलसाठी जमिनीत खणलेला चर) नावाची वस्तूच नसेल तर लॉजिक शांतपणे सांगणार की एकाच बिघाडाने दोन्ही बाजू जाऊच शकत नाहीत. तर्क अचूक, उत्तर चुकीचं. इथे ऑब्जेक्टचं घराणं मदतीला येतं ते असं: 'केबल' या क्लासमध्ये 'कुठल्या ट्रेंचमधून' हा रकाना सक्तीचा करायचा, भरला नाही तर मॉडेल तयारच होणार नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं, आणि 'माहीत नाही' वाली केबल धोक्याच्या यादीत घ्यायची. गप्प बसण्यापेक्षा खोटी धोक्याची सूचना परवडली.

आणि ही ट्रेंच किती वरपर्यंत जाऊ शकते ते ठाणे आणि नवी मुंबईने बघितलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी दिलेलं कारण असं होतं: महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट १ ची देखभाल चालू होती, सगळा भार सर्किट २ वर होता, आणि सर्किट २ मध्ये बिघाड झाला. म्हणजे इमारतीत दोन वेगळ्या सबस्टेशनवरून दोन फीडर घेतले, पण ती दोन्ही सबस्टेशन वर जाऊन एकाच ठिकाणी मिळत असतील, तर ते दोन फीडर कागदावरचे. मॉडेलची वरची कड 'महावितरण' या एका शब्दावर थांबवली की हे कधीच दिसणार नाही.

त्या दिवसाचा आकारही बघण्यासारखा आहे: एक देखभालीसाठी बाहेर, दुसरं अचानक ट्रिप. डेटा सेंटरची प्रतवारी ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत टियर ३ म्हणजे कुठलंही एक यंत्र देखभालीसाठी बाहेर काढलं तरी सर्व्हर चालू राहायला हवेत. टियर ४ मध्ये अचानक आलेला एखादा बिघाडही सोसायचा असतो. मॉडेलच्या भाषेत, कुठलंही एक यंत्र 'बंद' धरून विचारणं आणि एक आधीच 'बंद' असताना दुसरं 'बंद' धरून विचारणं हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याला चारशे यंत्रांसाठी चारशे तपासण्या. दुसऱ्याला ७९,८०० जोड्या. तीन-तीनचे गट करायचे म्हटले तर १,०५,८६,८००. एकेक करून तपासणं इथून पुढे कठीण होत जातं, आणि मग सगळा प्रश्न एका मोठ्या खरं-खोटं कोड्यात बदलून सॅट सॉल्व्हरकडे, म्हणजे अशी कोडी सोडवणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतात.

एक तांत्रिक खड्डा राहिला. यूपीएसच्या खोलीला गारवा देणारा पंप यूपीएसवरच चालतो. पंप चालू आहे का? यूपीएस चालू असेल तर. यूपीएस चालू आहे का? पंप चालू असेल तर. साधी प्रोलॉग या गोल फेऱ्यात अडकून मेमरी संपेपर्यंत फिरत राहते. अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठात डेव्हिड एस. वॉरन यांच्या गटाने एक्सएसबी ही प्रोलॉग बनवली, तिच्यात यावर टेबलिंगचा उपाय आहे: विचारून झालेला प्रश्न वहीत टिपून ठेवायचा, परत तोच आला की पुन्हा खोदायला जायचं नाही. एसडब्ल्यूआयमध्येही आता ते आहे. (प्रोलॉगचं इंजिन आखून देणारे एडिंबराचे डेव्हिड एच. डी. वॉरन हे वेगळे. या क्षेत्रात नवशिक्यांची फसगत ठरलेली.)

टेबलिंगनंतर फेरा थांबतो, पण उत्तर येतं: दोन्ही बंद. शिफ्ट इंजिनिअर हसतो, कारण दोन्ही समोर घरघरत चाललेले असतात. मात्र उत्तर चुकीचं नाही. ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. टेबलिंगवालं लॉजिक अगदी शून्यापासून, फक्त मूळ स्रोतांपासून, वर चढत जातं आणि सांगतं की सगळं थंड पडलेलं असताना हे दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. चालू इमारतीत काय टिकून राहील हे विचारायचं तर उलटीकडून निघायचं: सगळं चालू धरायचं आणि ज्याचा आधार सुटला ते एकेक काढत जायचं. पूर्ण अंधार झाल्यावर इमारत परत कशी उठवायची हा खराखुरा प्रश्न असतो, त्यामुळे दोन्ही रीती हव्यात. कुठल्या वेळी कुठली लावली ते टूलने स्पष्ट सांगितलं पाहिजे.

बाजारात काय आहे

प्रोलॉगवर ऑब्जेक्ट चढवायचे प्रयत्न जुने. एहुद शापिरो आणि अकिकाझू ताकेउची यांनी १९८३ मध्येच कॉन्करंट प्रोलॉग या प्रोलॉगच्या भावंडात ऑब्जेक्ट कसे दिसतील ते दाखवलं होतं. आज वापरायचं तर पोर्तुगालच्या पाउलो मोरा यांची लॉगटॉक ही भाषा बघावी. १९९८ पासून आहे, बऱ्याच प्रोलॉगवर चालते, आणि वर सांगितलेलं 'नियम क्लासच्या पोटात, काय खुलं ते जाहीर' हे तिच्यात सरळ लिहिता येतं. यूएमएलची (सॉफ्टवेअरचा आराखडा दाखवणारी) चित्रं काढणाऱ्यांसाठी ओसीएल आहे, चित्राच्या कडेला 'हे कधीही मोडता कामा नये' अशा अटी लिहायची भाषा. चित्रं सगळे काढतात, अटी फारच थोडे लिहितात. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांचं ॲलॉय हे टूल मला यातलं सगळ्यांत देखणं वाटतं: लिहिताना क्लाससारखं दिसतं, आत सगळे संबंध आणि तर्क, आणि खाली सॅट सॉल्व्हर. त्यामागचा विश्वास असा की रचनेतली बहुतेक खोट छोट्याशा उदाहरणातही दिसतेच, म्हणून चारशे यंत्रांऐवजी चार-पाच यंत्रांच्या सगळ्या शक्यता चाळून काढा. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात बदलती अवस्थाही मांडता येते.

गिटहब या कोड साठवायच्या साइटची कोडक्यूएल वेगळ्या कामासाठी आहे, सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची भोकं शोधायला. पण सोयरीक तिने फार धीटपणे लावली आहे. तिच्या भाषेत क्लास म्हणजे एक अट. कुणी 'तयार' होत नाही. जे जे त्या अटीत बसतं ते ते त्या क्लासचं, आणि एकच वस्तू चार क्लासमध्ये खुशाल असू शकते. अवस्थाच नसल्यामुळे वेळेचं भांडण तिथे उद्भवतच नाही. तापमान किती मिनिटांत किती चढेल असले आकड्यांचे प्रश्न असतील तर मात्र मॉडेलिका ही भाषा. तिच्यात क्लासच्या पोटात समीकरणं असतात, कुठली बाजू माहीत आणि कुठली काढायची ते टूल ठरवतं. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या तिच्यासाठीच्या बिल्डिंग्ज लायब्ररीत डेटा सेंटरच्या कूलिंगची तयार मॉडेलं आहेत.

सुरुवात करायला यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. एक रॅक निवडायचा, सिंगल लाइन डायग्राममधली त्याच्या वरची प्रत्येक रेघ 'पुरवतो' ची एक ओळ म्हणून लिहायची, कूलिंगची आणि कंट्रोलची ड्रॉइंग मागून घेऊन त्यांच्या ओळी जोडायच्या. धोक्याचा प्रश्न लगेच विचारायचा नाही. आधी काहीही बंद न धरता, सगळं चालू धरून वरून खाली तपासायचं आणि 'कोण चालू नाही?' असं विचारायचं. उत्तर रिकामं यायला हवं. सहसा येत नाही. आलेल्या प्रत्येक नावाची एकेक ओळ कुठे राहिली ते शिफ्ट इंजिनिअरला विचारून भरायची, आणि यादी रिकामी झाली की पहिलं यंत्र बंद धरायचं.